फणसाची गिटार

विद्याधर रेगे आणि नंदकुमार धुरी यांची पहिली भेट झाली, तेव्हा समोरचा माणूस जिवंत नाही अशी दोघांचीही खात्री पटली होती.

यात दोष कोणाचाच नव्हता. मुलुंड पूर्वेच्या ‘श्रीकृपा’ सोसायटीचं सेक्रेटरीपद विद्याधरच्या गळ्यात पडून जेमतेम नऊ दिवस झाले होते आणि तक्रारी आल्या होत्या चौतीस. त्यांतल्या एकोणीस एकट्या चारशे तीनबद्दल. तिथे दुपारभर काहीतरी कापलं जातं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. काय कापलं जातं, याबद्दल मात्र मजल्यागणिक मत बदलत होतं. तिसरा मजला फरशी म्हणत होता, पाचवा लोखंड. तळमजल्यावरच्या एका आजींनी विद्याधरला बाजूला घेतलं, धुरींची बायको चार दिवसांत कोणाला दिसलेली नाही एवढंच सांगितलं आणि पदर तोंडाला लावला.

विद्याधर विमा कंपनीत कामाला. त्यामुळे जाण्याआधी त्याने स्वतःच्या पॉलिसीचा नंबर मनात एकदा म्हणून पाहिला. घरची पूजा आटोपून अंगात घातलेला पांढरा सदरा तसाच ठेवून तो सहाव्या मजल्यावरून चौथ्यावर उतरला आणि त्याने बेल वाजवली.

दारात जे उभं राहिलं ते नखशिखांत पिवळं होतं. जेजुरीला भंडाऱ्यात मनसोक्त लोळून तिथून परस्पर पाणबुडीत ड्यूटीला निघालेल्या माणसासारखं. डोळ्यांवर कारखान्यातला जाड चष्मा, नाकातोंडावर मास्क, डोक्यावर बायकांची आंघोळीची टोपी, तीही फुलाफुलांची, आणि हातात करवत. विद्याधरचे हात आपोआप जोडले गेले. इकडे धुरींना भुशाने आंधळ्या झालेल्या चष्म्यातून एवढंच दिसलं की एक पांढरीशुभ्र आकृती जिन्यातल्या उजेडात जमिनीपासून वीतभर वर तरंगते आहे आणि आपल्याला हात जोडते आहे. ते दोन पावलं मागे सरकले. दोघांपैकी आधी कोण ओरडलं, याबद्दल दोन्ही घरांत अजून मतभेद आहेत.

“कोण आलंय हो? चहा टाकू का?” आतून मालनवहिनींचा आवाज आला आणि त्यापाठोपाठ सात शिंका. चार दिवस त्या खाली का दिसल्या नव्हत्या, हे विद्याधरला त्या शिंकांतून कळलं.

कापलं जात होतं ते फणसाचं लाकूड. त्याचा भुसा हळदीसारखा पिवळा असतो. आणि त्या लाकडाची होणार होती इलेक्ट्रिक गिटार.

विद्याधरने तक्रारीचा कागद घडी करून खिशात ठेवला. सेक्रेटरी म्हणून त्याने तेव्हाच खडसवायला हवं होतं. पण कॉलेजात तीन वर्षं त्याने गिटार वाजवली होती, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस घेतलं होतं, आणि लग्नानंतर ती गिटार पोटमाळ्यावर, तिथून भाच्याकडे आणि भाच्याकडून कुठेतरी गेली होती. चहा पिऊन तो वर गेला आणि त्याने नोटीस लावली: चारशे तीनमध्ये सांस्कृतिक स्वरूपाचं काम चालू आहे, सभासदांनी सहकार्य करावं.

नंदू धुरी हा माणूस समजून घ्यायचा तर लाल रंगापासून सुरुवात करावी लागते. वडील परळच्या गिरणीत. गिरण्यांचा संप झाला तेव्हा नंदू दहावीत. पुढे आयटीआय करून तो साकीनाक्याच्या एका गाळ्यात लागला. तिथे पाण्याच्या पंपाचे व्हॉल्व्ह बनत. पोरगं मोजायला पक्कं आहे हे मालकाने हेरलं आणि सत्ताविसाव्या वर्षी त्याला तपासणीच्या टेबलावर बसवलं. तो तिथून उठला अठ्ठावन्नाव्या वर्षी, तोवर त्याचे धुरीसाहेब झाले होते. टेबलावर मापं घ्यायचा एक व्हर्नियर, लाल रंगाचा एक डबा आणि एक ब्रश. पास झालेला माल उजव्या हाताला, आणि पायाशी रिजेक्टचा पिंप. ज्या नगावर लाल फुली पडली तो घासूनपुसून परत आणायचा नाही, हा गाळ्याचा नियम. दुरुस्तीची सोय आहे म्हटलं की कारागीर पहिल्या वेळी नीट करत नाही, असं त्यामागचं तत्त्वज्ञान. नियम मालकाने केला होता आणि पाळला एकट्या धुरींनी. मालकाच्या मेव्हण्याने घडवलेला नगसुद्धा त्यांनी पिंपात टाकला होता.

सवय घरीही आली. चपातीची कड जाड लागली की धुरी ती बोटांच्या चिमटीत धरून नुसते बघत. मालनला पाहायला गेले तेव्हा पोह्यांच्या बशा एका मापाच्या नाहीत, हे त्यांनी तिथल्या तिथे बोलून दाखवलं होतं. लग्न तरीही झालं, कारण मालनने त्यांना पास केलं होतं.

आणि या एकतीस वर्षांत धुरींनी स्वतः एकही नग बनवला नाही. मोजायला काय जातंय, असं कामगार त्यांच्या पाठीमागे म्हणत. हे धुरींना ठाऊक होतं. निरोपाला गाळ्याने भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते टांगलं की दोन अंश वाकडं राहतं.

कामगारांचं ते बोलणं वेगळ्या शब्दांत तोंडावर ऐकवणारा माणूस पहिल्यांदा भेटला तो निवृत्तीच्या वर्षी, सव्वीस जानेवारीला. श्रीकृपात त्या दिवशी सकाळी झेंडावंदन, दुपारी सत्यनारायण आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रा असतो. ऑर्केस्ट्रातल्या प्रांजल नावाच्या गिटारवाल्याने मध्यंतरात गिटार खुर्चीला टेकवून ठेवली आणि धुरींनी ती उचलून डोळ्यांसमोर धरली. मानेचा जोड अर्धा मिलिमीटर उघडा आहे, आमच्याकडे असता तर रिजेक्ट झाला असता, असं त्यांनी त्याला सांगितलं. प्रांजल सभ्य मुलगा. हसून म्हणाला, “मग काका, तुम्हीच एक बनवून दाखवा ना.”

धुरी त्या संध्याकाळी प्रसाद न घेता घरी आले. पुढच्या सव्वीस जानेवारीला याच मांडवात आपली गिटार वाजली पाहिजे, असं त्यांनी मालनला सांगितलं. आणि वाजणं पुरेसं नव्हतं. ती पास व्हायला हवी होती. आयुष्यात एक नग, स्वतःच्या हातचा, स्वतःच्या टेबलावर पास झालेला. एवढंच हवं होतं.

कणकवलीजवळच्या गावात त्यांचे चुलतभाऊ नाना राहतात. परसातला फणस वादळात पडला होता, त्याच्या फळ्या दोन वर्षं माळ्यावर सुकत होत्या. धुरींनी एक फळी मागितली. नानांनी कारण विचारलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, “गिटार कित्याक? तेच्यापरास दरवाजो कर, उपेगाक येतलो.” तरीही त्यांनी फळी गोणपाटात बांधून खाजगी बसने पाठवली, सोबत आमसुलं.

स्वयंपाकघराचा ओटा हेच कामाचं टेबल ठरलं. शेगडी धुण्याच्या जागेत गेली. जुन्या सागवानी चौकटीतून गिटारची मान काढायची होती, त्यासाठी भांडुपचा अंबादास मिस्त्री रंधा घेऊन आला. तारा, खुंट्या आणि मानेवर ठोकायचे पितळी पडदे एवढंच विकत आणायचं, बाकी सगळं घरी, असं धुरींनी ठरवून टाकलं होतं. अंबादासला मदतीला घेतलं तेसुद्धा त्यांनी मनाला चार दिवस समजावल्यावर.

सगळ्यात कठीण भाग म्हणजे तारांचा आवाज पकडून विजेत बदलणारं वेटोळं. चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेळा गुंडाळायची. साकीनाक्याला मोटरी भरून देणाऱ्या एका जुन्या ओळखीच्याकडून तार आली. हाताने फिरवायच्या ड्रिलला चुंबक बांधला. हँडल एकदा फिरलं की पुढचं टोक चारदा फिरायचं. प्रश्न होता मोजायचं कसं. तार हलकेच धरून हँडल फिरवताना धुरींना आकडे लक्षात राहीनात. एकतीस वर्षं मोजलेला माणूस दोनशेच्या पुढे अडखळू लागला. तेव्हा मालनवहिनी जपमाळ घेऊन समोर बसल्या. हँडलचा एक फेरा, एक मणी, एकदा रामाचं नाव. अशा अठरा माळा झाल्या. सात हजार सातशे शहात्तर वेढे. इतकं नामस्मरण पोटात असलेली गिटार दुसरी नसेल, असं विद्याधर म्हणाला. त्यावर मालनवहिनींनी तुमच्या ऑफिसात काय मोजत बसता ते सांगा बघू, असं विचारून त्याला गप्प केलं.

विद्याधर आता रोज संध्याकाळी चारशे तीनमध्ये असायचा. कारण विचारलं तर भुशाच्या तक्रारीचा आढावा. घरी येताना तो पायपुसण्यावर पिवळी पावलं उमटवायचा आणि बायको उत्तरा हिला ती मुद्दाम दाखवायचा नाही, एवढीच काळजी घ्यायचा.

एका संध्याकाळी तारा ज्या पितळी तुकड्यावरून जातात ती घोडी कुठे बसवायची, हे ठरत होतं. अंबादास रंधा न्यायला आला होता. त्याने मान उचलून पाहिली, गिटार या वस्तूशी आपला संबंध नाही अशा चेहऱ्याने ठेवली आणि म्हणाला, “घोडीला सूतभर ढील ठेवा हां, धुरीसाहेब. लाकूड आहे. आम्ही दरवाजाला पण ठेवतो.”

मिस्त्री लोकांचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून थोडं जास्त. धुरींच्या गाळ्यात तीन मिलिमीटर ढील असती तर मुंबईचं निम्मं पाणी गटारात गेलं असतं. त्यांनी अंबादासला शांतपणे सांगितलं की म्हणूनच लोकांचे दरवाजे करकरतात. आणि मानेच्या वरच्या टोकापासून, हिशेबात आलेल्या सहाशे अठ्ठेचाळीस मिलिमीटरवर, दशांशानंतरची दोन्ही शून्यं सांभाळून, त्यांनी घोडी स्क्रूने आणि वर पक्क्या गोंदाने बसवून टाकली. सरकायची सोयच ठेवली नाही. जी वस्तू बरोबर जागी आहे तिने सरकायचं कशाला?

कार्यक्रमाला दहा दिवस राहिले तेव्हा त्यांनी गिटार विद्याधरच्या हातात दिली. पिवळीधमक, वर नुसतं तेल चोळलेलं. मान आणि अंग यांच्या जोडातून कागदाची कडसुद्धा शिरत नव्हती. विद्याधरने मोकळ्या तारा छेडल्या आणि त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. भरदार, गोल, किंचित चिकट आवाज, अगदी फणसाला शोभणारा. सत्तावीस वर्षांनी बोटं जागेवर पडत होती. खालच्या तीन-चार पडद्यांवर सगळं गोड होतं. मग त्याचा हात वर सरकला.

पाचव्या पडद्याशी सूर थोडा चढला. सातव्यावर आणखी. बाराव्यावर तो शेजारच्या तारेशी भांडायलाच लागला.

विद्याधरला कारण कळायला वेळ लागला नाही. कॉलेजात गिटार दुरुस्त करून देणाऱ्या म्हाताऱ्याने ते सांगितलं होतं: तार दाबली की ती ताणली जाते, ताणली की सूर चढतो, म्हणून घोडी हिशेबापेक्षा थोडी मागे ठेवायची. किती मागे? साधारण सूतभर. सहाशे अठ्ठेचाळीस हे माप बरोबर होतं आणि त्यामुळेच गिटार बेसूर होती.

त्याने मान वर केली. धुरी हात मागे बांधून उभे होते. एकतीस वर्षं त्यांच्या टेबलापुढे लोक असेच उभे राहत असणार. स्वयंपाकघराच्या दारात मालनवहिनी होत्या, हातात ती माळ.

“पास की रिजेक्ट?” धुरींनी विचारलं.

“पास,” विद्याधर म्हणाला.

धुरींनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

सव्वीस जानेवारीला निवेदकाने धुरींची ओळख ‘आपल्या सोसायटीचे शास्त्रज्ञ’ अशी करून दिली. विद्याधरने देशभक्तीपर गाण्याची एक चाल वाजवली. दहा दिवस शोधून त्याने अशी चाल निवडली होती जी चौथ्या पडद्याच्या वर जातच नाही. सूर थोडे रेंगाळले, पण माणसं आपली होती. टाळ्या पडल्या. पाचव्या मजल्यानेही वाजवल्या.

मग प्रांजल पुढे आला. ऑर्केस्ट्रा तोच होता. त्याने गिटार हातात घेऊन आधी जोडावरून नख फिरवलं, एकदा, दोनदा, आणि म्हणाला, “काका, जोड कुठे आहे तेच कळत नाहीये.” धुरी पहिल्या रांगेत बसले होते. मालनवहिनींच्या म्हणण्याप्रमाणे लग्नातसुद्धा ते इतके ताठ बसले नव्हते.

प्रांजलने वाजवायला सुरुवात केली आणि व्यावसायिक माणसं जातात तसा तो लगेच वर गेला. तिथे त्याच्या कपाळावर एक आठी आली. त्याने गाणं सफाईने खाली आणून संपवलं, टाळ्या घेतल्या, आणि मग खाली उतरून धुरींना बाजूला घेऊन सांगितलं की वस्तू एकदम भारी झाली आहे, फक्त वरती सूर चढतोय; घोडी दोन-अडीच मिलिमीटर मागे घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

“किती चढतोय?” धुरींनी विचारलं.

प्रांजलने मोबाईलवर सूर मोजून दाखवला. एका पडद्यापासून दुसऱ्या पडद्यापर्यंत शंभर भाग धरले तर बाराव्यावर अठरा भाग जास्त.

“आणि चालतात किती?”

“पाचपर्यंत खपून जातं, काका.”

आकडा समोर आल्यावर धुरी वाद घालत नाहीत. त्यांनी मान हलवली, प्रांजलचे आभार मानले आणि ते विद्याधरकडे वळले. विद्याधर हातात शिऱ्याचा द्रोण घेऊन उभा होता.

“तुम्हाला ऐकू आलं होतं?”

“हो,” विद्याधर म्हणाला. खोटं बोलण्याचा त्याचा कोटा एका शब्दात संपला होता.

“मग पास का केलंत?”

विद्याधरला बरीच उत्तरं सुचली. तुमचा चेहरा बघून, हे त्यांतल्या त्यात खरं होतं. पण तपासणीच्या टेबलावर हे कारण चालत नाही, एवढं दहा महिन्यांच्या सहवासात त्यालाही कळलं होतं. तो शिरा खात राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबादास पटाशी घेऊन आला. विद्याधरने त्याला फोन करून बोलावलं होतं. गोंद सोडवायला अर्धा तास, घोडी मागे घ्यायला दहा मिनिटं. पण तोवर धुरींनी ठेवणीतला डबा काढला होता. गिटारच्या पाठीवर, पिवळ्या लाकडावर मधोमध, लाल फुली ओली होती. रिजेक्ट नग दुरुस्त होत नाही, असं त्यांनी अंबादासला सांगितलं आणि येण्याजाण्याचे पैसे पुढे केले. अंबादासने ते घेतले नाहीत. एवढ्यासाठी सूतभर ढील असते साहेब, असं काहीतरी पुटपुटत तो जिना उतरला.

मालनवहिनी इतका वेळ ओट्याशी होत्या. शेगडी नुकतीच तिच्या जागी परत आली होती. “अहो, एकतीस वर्षं लोकांची पोरं नापास केलीत,” त्या म्हणाल्या, “आपल्याला तरी पास करा.”

नियम आपल्याला नाही लावला तर लोकांना लावला तो कशाला, असं धुरी म्हणाले. मेव्हण्याच्या नगाचं उदाहरण दिलं.

“मग माझ्या अठरा माळा पण रिजेक्ट का?”

हा मुद्दा धुरींना पटला. त्यांनी गिटार उलटी केली, चार स्क्रू काढले, वेटोळं बाहेर घेतलं आणि टेबलावर ठेवून मीटर लावून तपासलं. उलटसुलट दोनदा. तुझं काम पास आहे, असं म्हणून त्यांनी ते मालनच्या हातात दिलं. ते आता त्यांच्या देवघरात आहे, माळेशेजारी.

बाकीची गिटार सोसायटीच्या मीटरच्या खोलीत, जुन्या सूचनाफलकामागे उभी आहे. विद्याधरने एकदा ती मागून पाहिली होती. रिजेक्ट माल बाहेर देता येत नाही, असं त्याला कळवण्यात आलं. धुरी त्याच्याशी बोलतात, चहाही देतात. फक्त त्याने एखादी गोष्ट चांगली झाली म्हटलं की ती स्वतः जाऊन पुन्हा मोजून येतात.

मार्चमध्ये सोसायटीची जुनी लिफ्ट काढून नवी बसवायची ठरली. देखरेखीला कोणीतरी काटेकोर माणूस हवा होता. कमिटीने एकमताने धुरींना नेमलं. नाव विद्याधरनेच सुचवलं होतं. धुरींनी आतापर्यंत दोन मोटरी, चार रूळ आणि तिसऱ्या मजल्याचा दरवाजा परत पाठवला आहे.

लिफ्ट सात महिने बंद आहे.